तीन नंबर

पळताना नाही तेवढी, थांबल्यावर थरथरते.
मानोऱ्याच्या चौकात उभी केली की
आरशातला ट्रक दोन-दोन दिसतो
आणि डॅशबोर्डवरची चिल्लर
आपोआप एका कोपऱ्यात गोळा होते.

दोन हजार एकची झेन.
इंजेक्शनची गाडी म्हणतात इकडे,
आणि मी उपकेंद्राची रिटायर्ड नर्स;
लोकांना हसायला तेवढं पुरतं.

दिग्रसच्या पोरानं लॅपटॉप लावला.
मॅडम, एरर तर काहीच नाही,
कॉम्प्युटरच बदलू, अठरा हजार.
मेहुणे म्हणाले, पेट्रोलच खोटं.
प्लग बदलले. फिल्टर बदलला.
पेट्रोल पंप बदलला,
म्हणजे इथला सोडून कारंज्याचा धरला.
थरथर तीच.

शेवटी देवमन मिस्त्री.
जिनिंगच्या भिंतीला लागून पत्र्याचं शेड,
पुढ्यात उघडे पडलेले दोन ट्रॅक्टर,
चहाच्या कपात नट.
त्यानं बोनेट उघडलं, काही विचारलं नाही.
चालू इंजिनातून प्लगची एकेक वायर उपसत गेला.
एक काढली, इंजिन दचकलं.
दोन काढली, दचकलं.
तीन काढली,
कोणाला काही पत्ताच नाही.
"जे काढल्यानं फरक पडत नाई, बाई,
थेच मेलेली हाय."

ठिणगी होती. प्लग कोरडा होता.
म्हणजे पेट्रोलच येत नाही आत.
मग त्यानं हातभर लांब पेचकस काढला
आणि माझ्याकडे दिला.
"तुमीच आयका. माह्या कानात थ्रेशर घुसला तवापासून
नुसती शिट्टी वाजते."

मूठ कानामागच्या हाडाला, टोक इंजेक्टरवर.
टिक-टिक-टिक-टिक,
मोजता येणार नाही इतकी घाई.
एकतीस वर्षं मी अॅल्युमिनियमची नळी
पोटावर टेकवून अशीच वाकले होते,
बाहेरच्यांना गप्प बसा म्हणत,
कंदिलाची वात कमी करत,
जणू उजेडाचाही आवाज होतो.
एक नंबर, टिक-टिक.
दोन, टिक-टिक. चार, टिक-टिक.
तीनवर
काही नाही.

ही शांतता मी ओळखते.
दोनदा ऐकली आहे.
एकदा फुलउमरीच्या तांड्यावर, गोमलीच्या पोटात;
नळी दोन बोटं खाली सरकवली
आणि सापडलं, भलतीकडेच पाठ करून बसलेलं बाळ.
ते आता पुसदला मोबाईल विकतं.
दुसऱ्या वेळी सरकवत राहिले.

हाताला सवयच ती.
पेचकस सरकवला दोन बोटं,
दांडी वायरीच्या क्लिपला लागली,
आणि टिक.
टिक-टिक.
अख्खी गाडी एकदम गप्प झाली,
म्हणजे चालूच होती,
पण पत्र्यावरचं ऊन हलायचं थांबलं.
हात काढला, पुन्हा थरथर.
"देवमन," मी ओरडले,
"देवमन, वायर!"

वरून वायर धड होती, काळी, गुळगुळीत.
सोलली तर आत तांबं तुटलेलं,
दोन टोकं एकमेकांना
कधी शिवत, कधी नाही.
लॅपटॉपला कसं दिसावं?
त्यानं डाग दिला, टेप गुंडाळली,
दीडशे सांगितले,
मग म्हणाला, "तुमच्या कानाचे पन्नास वजा करा."

अजून थंडीत सकाळी जरा अंग झाडते.
मिस्त्री म्हणतो, थे इंजिनखालचे रबर,
जुने झाले, थे येगळं काम.
करू कधीतरी.

चौकात आता चिल्लर जिथल्या तिथे असते.
त्याचा पेचकस चुकून माझ्याच डिकीत राहिला.
त्या रस्त्यानं दोनदा गेले,
दोन्हीदा शेडमध्ये तो कोणाच्या तरी
गाडीखाली होता, फक्त पाय दिसत होते.
हॉर्न वाजवला नाही.