वर

एकवीस वर्षं मी एकच प्रश्न विचारला:
वर?
त्र्यंबक रोडवरचं हॉस्पिटल, पाच मजले,
जाळीचं दार, लाकडी स्टूल, पितळी दांडा
आणि माझ्या खिशावर शिवलेलं नाव, के. आर. पगारे,
जे कुणी वाचलं नाही.

लोक नुसती मान हलवायचे.
मानेवरूनच मजला कळायचा.
तिसऱ्यावरचे पेढ्यांचा बॉक्स उराशी धरून,
पाचव्यावरचे छताकडे बघत,
जसा काही तिथं अजून एक मजला आहे.

बसून बसून शब्दाचीही सालं निघतात, कांद्यासारखी.
एका ऑगस्टात गोदावरी फुगली
तर लिफ्टभर एकच चौकशी:
पाणी दुतोंड्या मारुतीच्या कमरेच्या वर गेलं का?
एक म्हातारबा म्हणाले, कमरेचं काय घेऊन बसलात,
गळ्याच्या वर जाऊ द्या, मग बोला.
कोपऱ्यात मोठे डॉक्टर, फोनवर, हळू:
वरून प्रेशर आहे हो.
थोरली सिस्टर भाचीसाठी वर शोधत होती,
दिंडोरीचा चालेल, पण शेती नको.
आणि सुकदेव वॉर्डबॉय
वरच्या कमाईच्या दहा-दहाच्या नोटा मोजायचा,
डोळे वर न करता.
मी दांडा ओढायचो. सगळ्यांना सारखाच.
विजेला काय, तिला एकच अर्थ ठाऊक.

लहानपणी आई सांगायची,
देव प्रसन्न झाला की वर देतो.
मला वाटायचं, वर म्हणजे फळीवरचा डबा.
आपला हात पुरत नाही,
म्हणून देव काढून देतो.

आता ती गोष्ट.
पेठकडचा पोरगा, बुधा भोये, फार तर बावीसचा.
हातात वाटी-चमचा, कोरा, स्टिकरसकट,
रविवार कारंज्यावरून चालत जाऊन आणलेला.
बाळाला वरचं दूध लागेल, असं सिस्टर म्हणाली होती.
तो मला म्हणाला,
दादा, वरचं दूध कितव्या मजल्यावर मिळतं?

मी हसलो.
हसलो, हे लपवत नाही.
मग ध्यानात आलं, वरचं का लागणार ते.
सकाळी मीच तर नेलं होतं स्ट्रेचर,
चादरीबाहेर राहिलेला अंगठा,
त्याला दोऱ्यानं बांधलेली चिठ्ठी: जिजा बुधा भोये.
खाली नेलं होतं, तळघरात.
आमच्याकडे वर गेलेली माणसं
खालीच ठेवतात.

त्याला सांगितलं नव्हतं असं नाही.
कुणीतरी घाईत सांगितलं होतं, ती वर गेली रे.
तेव्हापासून पोरगा तीनदा पाचव्या मजल्यावर जाऊन आला होता,
जिन्यानं, चपला हातात धरून.
वर नाही ती, म्हणाला,
सगळ्या खाटा पाहिल्या.

मी जाळी ओढली.
रोजचा प्रश्न जिभेवर आला
आणि तिथंच चिकटला.
पहिल्या-दुसऱ्याच्या मधे लाल खटका दाबला,
समोर नुसती विटांची भिंत,
कुणीतरी खडूनं काढलेला बाण, त्यालाही टोक नव्हतं.
तिथं सांगितलं.
साध्या शब्दात. जिजा मेली, म्हटलं.
वाटीत चमचा वाजत राहिला.
बाहेर घंटा वाजत होती,
कुणीतरी पगारे, पगारे म्हणून ओरडलं.
म्हणजे नाव वाचलं होतं तर.

बऱ्याच वेळानं मी विचारलं,
आधी कुठं नेऊ?
खाली ती होती. तिसऱ्यावर मुलगी, चार दिवसांची, उपाशी.
त्यानं चमच्यावरचं स्टिकर नखानं खरवडलं,
पूर्ण निघेना, अर्धं तसंच राहिलं,
आणि मग बोट केलं,
वर.

तिसऱ्यापर्यंत आमची लिफ्ट एकोणीस सेकंद घ्यायची.
त्या दिवशी पहिल्यांदा मोजले.