निदर्शन, अनेकवचन

माझ्या नेमणूकपत्रावर लिहिलंय : डेमॉन्स्ट्रेटर, रसायनशास्त्र.
तासिका तत्त्वावर, अकरा महिने.
अमळनेरच्या या प्रयोगशाळेत चौदा वर्षं
मी तेच अकरा महिने पुन्हा पुन्हा भरते आहे.

पदाचं नाव ऐकून आई म्हणाली होती,
"म्हंजे काय करस तू तठे?"
पोरांना दाखवते.
"काय दखाडस?"
ब्युरेट कशी धरायची, डोळा कुठल्या रेषेला आणायचा,
शेवटचे थेंब कसे सोडायचे, श्वास रोखून.
"हां," ती म्हणाली, "दखाडनारी."
आणि गल्लीभर सांगत सुटली.

यंदा नऊ महिने मानधन नाही.
चार अर्ज केले. प्रत्येकाची सुरुवात :
आपल्या निदर्शनास आणून देण्यात येते की
चौथ्यांदा हे लिहिताना
त्या ओळीत मला माझीच पाटी दिसली.

ग्रंथालयात तडवी सरांकडे जाड इंग्रजी शब्दकोश मागितला.
पंख्याच्या वाऱ्यात त्यांनी पानं तळव्यानं दाबून धरली.
दाखवणे. सिद्ध करणे. कृती करून समजावणे.
आणि खाली, बारीक टायपात, रस्त्यावर येणे.
त्याच्याही खाली मूळ, लॅटिन :
बोट दाखवणं, आणि त्याच घरात राहणारा मॉन्स्टर,
देवांनी धाडलेलं काहीतरी विचित्र,
समजा दोन डोक्यांचं वासरू,
सावध करायला आलेलं.
सावध करणं, हा अगदी तळाचा शब्द.
तडवी सर चष्मा पुसत म्हणाले,
"म्हणजे मॅडम, वासरू सांगायला येतं
आणि लोक त्याची डोकी मोजत बसतात."

निदर्शन, मी वहीच्या मागच्या पानावर लिहिलं.
एकटं, शांत, फळ्याजवळ उभं.
मग त्याच्या न-वर एक मात्रा दिली.
निदर्शने.
एवढ्याशा मात्रेनं
टेबलावरची गोष्ट रस्त्यावर येते.

जळगावला, कलेक्टर कचेरीसमोर, आम्ही सतरा जण.
एप्रिलचं ऊन, चपलेला धरून ठेवणारं डांबर.
घोषणा मला जमेना.
चौदा वर्षं हा गळा एकच सांगत आलाय :
हळू. थेंब थेंब. घाई नको.
प्रॅक्टिकल संपवून तशीच बसमध्ये बसले होते,
अंगात ॲप्रन, बाहीवर परमँगनेटचा तपकिरी डाग.
एक रिक्षावाला विचारून गेला, नर्सेसचं आहे का?

हवालदार बिऱ्हाडे नावं लिहून घेत होते.
नाव? कुमुदिनी शिसोदे.
धंदा? डेमॉन्स्ट्रेटर.
"ते दिसतंय, बाई. काम काय करता?"
सतरा जण हसले. तेही हसले, जरा उशिरा.
मग पेन थांबलं.
"असंच लिहू?"
असंच लिहा.

परतीच्या बसमध्ये एक जुना प्रश्न आठवला.
फ्लास्कमध्ये थेंब पडतो, गुलाबी होतो, विरतो.
पुढचा पडतो, विरतो.
मग एक असा पडतो की रंग जातच नाही.
दरवर्षी एखादं पोर विचारतं,
मॅडम, मग आधीचे सगळे वाया गेले का?
परीक्षेत येत नाही
म्हणून मी कधी उत्तर दिलं नाही.

घरी आई दारातच.
"दखाडी उनी?"
हो.
"मंग कोनी दखं का?"
पोलिसानं, म्हटलं. नावसुद्धा लिहून घेतलं.
"बरं. आते जेव."

जेवणानंतर तिनं ॲप्रनची बाही
साबणानं घासघासून पाहिली.
तो डाग लिंबानं निघतो.
मला माहीत होतं.
दाखवलं नाही.