सम, विषम

त्या पहाटे चारला
अख्ख्या गल्लीनं ऐकलेली हाक
खरं तर मला होती.
तारीख विषम, आणि माझी गाडी सम बाजूला;
टाम्पेरेत हिवाळ्यात एवढं चुकून चालत नाही.
बर्फगाडीच्या खिडकीतून तौनो हार्क्योला ओरडला,
"काढ ती!"
दोनच शब्द. पण असे
की जुन्या कापडगिरणीच्या विटांवर घासत गेले,
वळले, परत आले,
आणि वरच्या पत्र्यावरचा बर्फ सुटून धप्पकन खाली.

मी अनवाणी पाय बुटात खुपसून धावले.
तेवढ्यात गिरणीच्या तळघराचं दार उघडलं.
ऐनी. हेडफोन गळ्यात,
तीन आठवड्यांचं जागरण डोळ्यांखाली.
"कोण ओरडलं?"
मला वाटलं, झालं, आता भांडण.

तिच्याकडे एक गाणं अडलं होतं.
मिनिटाला एकशे सव्वीस ठोके,
खाली गुबगुबीत बास, वर काचेचे सूर
चढत चढत जाणारे,
जिना असावा तसे,
पण वरच्या मजल्यावर कुणीच राहत नाही.
चार गायिका येऊन गेल्या. गोड होत्या बिचाऱ्या.
"साखरेवर साखर," ऐनी म्हणायची,
आणि माझ्या बेकरीतून राईचा पाव न्यायची
करपल्या कडेचा, तोच निवडून.
मला तेव्हाच कळायला हवं होतं.

तौनो माझ्या थोरल्या भावाच्या भिंतीवर असायचा:
कातडी जाकीट, कमरेपर्यंत केस, वासलेलं तोंड.
मग बँड फुटला,
ड्रमर दातांचा डॉक्टर झाला,
केस गेले,
आणि गेली एकवीस वर्षं तौनो
शहराचा बर्फ ढकलतो.

"मी? नाचाच्या गाण्यात?
मुली, असल्या गाण्यांना जन्मभर शिव्या घातल्यात मी."
"त्याच घाला," ऐनी म्हणाली, "फक्त ठेक्यात."

गुरुवारी आला. डिझेलचा वास, हातमोजे खिशात.
मी पावाचं निमित्त करून कोपऱ्यात.
पहिल्यांदा ठेक्याच्या पुढे पळाला, मग मागे राहिला.
"हा माणूस माझ्यासाठी थांबत का नाही?"
"माणूस नाहीये तो."
"तेच म्हणतोय."

तिसऱ्यांदा डोळे मिटले.
ओळ साधीच होती, उजेड येतोय, दार लावू नकोस,
पण वर चढताना,
जिथं पूर्वी तो सहज पोचला असता तिथं,
आवाज फाटला.
रात्री तळ्यावरचा बर्फ तडकतो
आणि ती तडक या काठापासून त्या काठापर्यंत
ओरडत जाते, तसा.
"माफ कर, पुन्हा घेऊ," तो म्हणाला.
ऐनीचे हात केव्हाच बटणांवरून उठले होते.
"नको."

तो तडा तिनं तसाच ठेवला.
आधी सगळं थांबवलं, बास, काच, सगळं,
एकटा तो तडा,
आणि मग खालून ठेका
पूर आल्यासारखा.

जानेवारीतला शनिवार, गोदीमागचा हॉल.
गळ्यात ओळखपत्रं तशीच असलेल्या दोन नर्सा,
हॉकीच्या पिशव्या भिंतीला टेकवलेली पोरं,
गुडघा बदललेली सेइया, माझी शेजारीण.
आणि माझा भाऊ,
स्वतःच्या लग्नातही न नाचलेला,
शर्ट बाहेर, चष्मा कुठं कुणास ठाऊक.
तडा आला तेव्हा
कुणी श्वाससुद्धा घेतला नाही.
मग जमीन सुटली सगळ्यांची.

तौनो आत नव्हता. रात्रपाळी.
मी हवा खायला बाहेर आले
तर कोपऱ्यावर बर्फगाडी, इंजिन चालू,
काच बोटभर खाली.
"चौथ्या ओळीत जरा पुढे गेलो, नाही?"
"छे. बरोब्बर समेवर."
त्याची बोटं स्टिअरिंगवर. वाजत होती
की गारठली होती, सांगता येणार नाही.
मग त्यानं रस्त्याकडे पाहिलं.
"आज सम तारीख. आणि तुझी गाडी?"
"विषम बाजूला," मी म्हटलं. "काढते.
पण आधी हाक मार."