उंटांचा दरवाजा

स्पॉल्डिंगच्या औषधांच्या दुकानात
दर दुसऱ्या गुरुवारी, साडेपाचला, नेद्याल्का येते
रक्तदाबाच्या गोळ्या न्यायला.
नखांत कोबीच्या शेतातली काळी माती,
अंगावर पॅकिंग-शेडचं पिवळं जाकीट.

पहिल्यांदा मी विचारलं, कंबर बरी आहे का?
तिने मान हलवली, वरून खाली.
मी म्हटलं, छान.
छान काय, म्हणाली, जीव जातोय.
त्यांच्याकडे हो आडवं असतं आणि नाही उभं.
आणि तुमचं?
आमचं तिरपं, मी म्हणाले,
नि दोघी हसलो. रांगेतले मिस्टर पिंचबेक खोकले.

गावाचं नाव हिसार्या.
हिसार म्हणजे गड, ती सांगायला लागली.
माहीत आहे, म्हटलं, आमच्या देशातही एक आहे.
गरम पाण्याचे झरे, रोमनांच्या विटांचा तट,
दक्षिणेला एक दरवाजा, त्याला म्हणतात उंट.
कमान मधोमध ढासळलेली होती तेव्हा
दोन उंट समोरासमोर उभे दिसायचे,
एकमेकांना काही विचारत असल्यासारखे.
मग कमान जोडली.
नाव राहिलं.
"उंट दुरुस्तीत गेले," ती म्हणते,
जसं आपण म्हणतो, तापात गेले.

तिच्या बापाला परसात खणताना
भाजल्या मातीची नळी लागली, मनगटाएवढी,
आत अजून ओल.
म्युझियमला कळवलं तर परस जाईल,
म्हणून रात्रीतून बुजवली, वर टोमॅटो लावले.
"तसे टोमॅटो पुन्हा झाले नाहीत."
हे ती इतक्या हळू सांगते
की अजूनही कुणी येईल फावडं घेऊन.

मी तिला तेर सांगितलं.
नांगर फिरला की वर येणारे मणी,
माझ्या काकाच्या काड्यापेटीतले एकवीस,
आणि रोमचा माल आमच्या दारापर्यंत यायचा म्हणे.
"तुमच्याकडेही?" ती वैतागली.
"त्या लोकांना घरी काही कामच नव्हतं."

इथली जमीन पाणी हटवून काढलेली, ताटासारखी.
खणलं की डॅफोडिलचे कांदे निघतात, ती म्हणते,
माणूस निघत नाही.

काल पिशवी देताना विचारलं,
परत जाणार का कधी, कायमची?
तिने मान हलवली.
बारा वर्षं झालीत तिला इथे;
इंग्रजीत बोलताना आता ती
कुठल्या देशाची मान हलवते, मला कळेना.
विचारणार होते,
पण मिस्टर पिंचबेकना खोकल्याचं औषध हवं होतं,
साखर नसलेलं.