श्वास रोखा

सवनखलोकच्या सरकारी इस्पितळात
रात्री साडेनऊनंतर, हाडं मोडलेले सगळे घरी गेल्यावर
मागच्या दाराने एक बुद्ध आत आला.
दीड हात उंच, भाताच्या गोणीत गुंडाळलेला.
सोबत नदीपलीकडच्या देवळातले दोन भिक्षू
(तिथे देवळालाच वाट म्हणतात,
माझ्या कानाला अजून सवय नाही)
आणि थनोम, ज्याचा आजा ओतारी, बाप ओतारी,
तो स्वतः नुसता डागडुजीवाला.
गाडी माझी होती, म्हणून मी.

घोट्याशी भेग गेलीय, थनोम म्हणाला,
आतलं बघितल्याशिवाय मी हात लावणार नाही.

लमूनने चपला काढल्या. तसा नियम नाही, पण काढल्या.
मग मूर्ती टेबलावर ठेवली.
चालणारा बुद्ध, आडवा.
उजवी टाच उचललेली,
उजवा हात सोंडेसारखा खांद्यातून सुटलेला,
कोपर म्हणून कुठे नाहीच.
हनुवटी आंब्याच्या कोयीची,
केसांच्या जागी विंचवाच्या नांग्या, ओळीने,
आणि माथ्यावरची ज्योत
आडवी होऊनही वर जात असलेली.

काचेमागून लमून
रोजच्या सवयीने माइकात म्हणाली,
"श्वास रोखा."

कुणी हसलं नाही.
धाकट्या भिक्षूने तर खरंच रोखला.

पहिल्यांदा नुसतंच पांढरं. किरण वाढवले.
मग थनोम वाचू लागला,
घरचं जुनं पत्र वाचावं तसा, अडखळत:
हा गाभा. माती आणि भाताचा कोंडा.
ह्या खिळ्या, सात.
मेण निघून गेल्यावर माती अधांतरी राहावी म्हणून.
हे बुडबुडे. हवा दमट असणार त्या दिवशी, नाहीतर घाई.
आणि इथे, काखेखाली,
इथे रस पोचलाच नाही.
नखाएवढं ठिगळ, मागाहून बसवलेलं,
इतकं बेमालूम की शेकडो वर्षं
धूळ पुसणाऱ्या बोटांना लागलं नाही.

टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही,
ही आमची म्हण मी मोडक्यातोडक्या थाईत सांगितली.
तो म्हणाला, दगडाचं ठीक आहे.
आमच्यात आधी मेणाचा बुद्ध करायचा,
पापणी, ओठ, चिवराची माशाच्या शेपटीसारखी कड,
सगळं जीव ओतून.
आणि मग तोच आगीत वितळू द्यायचा.
तो जिथून गेला तिथे तांबं शिरतं, कथील शिरतं,
मुशीत कुणा बाईने टाकलेलं कानातलं शिरतं.
म्हणजे हा जो दिसतो,
तो गेलेल्याची जागा आहे.

"पण चूक लपवली ना त्याने?" लमूनने विचारलं.

थनोमने बराच वेळ पडद्याकडे पाहिलं.
"लपवली कुठे. पुढे जायचं होतं."

वहीत तिने लिहिलं: नाव, रिकामं. वय, रिकामं.
तक्रार: घोटा.

गाडी सुरू केली, तर ती अनवाणीच
धावत आली फाटकापर्यंत,
खिडकीतून आत वाकली
आणि मागच्या सीटवरच्या गोणीला,
दम लागलेल्या आवाजात, म्हणाली,
"सोडा आता. श्वास सोडा."

गोणी तशीच होती.
सुतळी सैल झालेली,
आणि टाच तेवढी बाहेर आलेली.