परतीचं पाकीट

पन्नाशी गाठली की या बेटावर प्रत्येकाला ते येतं,
आणि मीच वाटते.
हलकं पाकीट. आत बोटाएवढी बाटली,
टोपणाला काडी,
आणि सरकारचं एक फार सभ्य पत्र.
दार उघडणारा आधी शेजारच्या खिडकीकडे बघतो.

टॉर्मॉड मॅकास्किल तिसऱ्या वेळी म्हणाला,
“ठेव तिथं, बटाट्यांच्या पोत्यावर.”
पहिली दोन तिथंच होती.
बटाटे तेवढे बदललेले.

हा माणूस मेंढ्यांच्या लेंड्या वाचतो.
उजाडताना काठीनं उलटून,
कधी दोन बोटांत फोडून:
ही खडखडीत, हिला झऱ्यापर्यंत पोचू दिलेलं नाही कुणी.
ही सैल, कोवळ्या गवतावर तुटून पडली.
हिच्या मागच्या पायांवर हिरवं ओघळलंय,
जंत असणार, दुपारी औषध.
खडकावर पाणमांजर बसून गेलं
की त्यातले काटे बघून तो सांगतो
खाडीत कुठला मासा आलाय.

आणि स्वतःचं?
“साखळी ओढायची. त्यात काय बघायचंय?”

मी सहसा उंबऱ्यावर थांबत नाही.
त्या दिवशी थांबले.
माझी आई महिनाभर
डांबरासारखं काळं पाडत होती
आणि म्हणत होती, लोहाच्या गोळ्या.
गोळ्या तिनं वर्षापूर्वीच सोडलेल्या.
आमच्यात पोटातलं ओठावर येत नाही, टॉर्मॉड,
ते दुसरीकडून येतं,
आणि तिकडे आपण पाठ फिरवून बसतो.

मग सांगून टाकलं सगळं, टपालाच्या कोटात, वाऱ्यात:
खडे पडत असतील तर आतड्यात फार रेंगाळलंय.
केळ्यासारखं, सरळ, न कुंथता, तर नशीबवान आहेस.
शाडूसारखं फिकट झालं तर पित्त वाटेत अडलंय.
अचानक पेन्सिलीएवढं बारीक झालं
आणि आठवडे तसंच राहिलं, तर डॉक्टर.
आणि जे रक्त डोळ्यांना दिसतच नाही,
त्याच्यासाठी ही काडी.

“बीट खाल्लं की लाल होतं,” तो म्हणाला.
“होतं,” मी म्हटलं.
“शेवटचं बीट कधी खाल्लंस?”

तो कुत्र्याकडे बघत राहिला. बराच वेळ.

गुरुवारी तिठ्यावरच्या लाल पेटीत
वीजबिलं, एक लग्नाचं कार्ड,
आणि ते.
तारखेचे आकडे दाबून लिहिलेले,
मेंढ्यांच्या कानावर खूण करावी तसे.
पिशवीत मी ते कार्डापासून जरा लांब ठेवलं,
मग स्वतःचीच लाज वाटली, आणि परत जवळ सरकवलं.
बोट दोन दिवस सुटली नाही.

आज उत्तर आलंय.
गाडी त्याच्या फाटकाशी उभी आहे, इंजिन चालू.
पाकीट पातळ आहे.
पातळ चांगलं की जाड, हे इतक्या वर्षांत
मला कुणी सांगितलेलं नाही.
वर चढावर तो वाकलेला दिसतो,
काठीनं काहीतरी उलटून बघतोय.