साकव

सगुण गिरपांच्या पेन्शनचा अर्ज मी तीनदा लिहिला.
मी तेव्हा खाजणवाडीच्या पंचायतीत कारकून,
घाटावरून बदली होऊन आलेला,
भातासोबत भाकरी मागणारा.
रकाना सातवा: लढ्यातील कृत्याचा तपशील.
ते म्हणायचे, "ता रिकामाच ऱ्हांवदे."
तिन्ही वेळा अर्ज परत आला.
चौथ्यांदा त्याच कागदात
त्यांनी मला सुके बांगडे बांधून दिले.

गावाला मात्र तपशील पाठ होता.
पंचावन्न सालची अवसेची रात,
वल्ह्यांना गुंडाळलेली गोणपाटं,
सोलांच्या पाटीखाली सुरुंगाची दारू,
खाडीपलीकडे पोर्तुगीजांचा नाका, नाक्यामागे मोरी.
शिमग्यात ती मोरी दोन कमानींची होई,
चतुर्थीपर्यंत तिचा पूल झालेला असे.
कुणी म्हणे, तुरुंगात आयर्लंडच्या बंडखोर पोरांचं पुस्तक वाचलं त्यांनी.
विचारलं तर हसले.
"पुस्तक होता खरा. पयली पानां वाळवीन खाल्लेली,
शेवट तेवडो वाचलंय.
जिंकल्यार ते एकमेकांच्याच अंगावर उठले."
मग पानाला चुना लावत:
"तेवाच ठरवलंय, लढाई सरली काय गटारां बांधूची."

बांधली. खारबंधाऱ्याला दगड आणले,
शाळेवर नळे घातले, बंदरावर एक गॅसबत्ती,
जी पहिल्याच वादळात कुणीतरी घरी नेली.
सभापती झाले तरी बैठकीला एस्टीनेच,
पिशवीत शिक्का, शाईचं पॅड
आणि कुणाच्या तरी माहेरचा निरोप.
मतं मागायला रापणीच्या दोरीला लागत,
अर्धं भाषण दम लागून राहून जाई.
एकदा एक्केचाळीस मतांनी पडले.
दुसऱ्या दिवशी नेहमीच्या वेळी येऊन खुर्चीत बसले.
नवा सभापती बाहेरच्या बाकावर थांबला,
उठा म्हणणार कोण?

खाडीवरचा साकव तेवढा होईना.
एकोणीस वर्षं, माझ्या हातचे बासष्ट अर्ज.
प्रत्येक नकार ते खिडकीच्या गजाला खोचत,
दर्याचा वारा सुटला की सगळी खोली
एकदमच बोलायला लागे.
"मोडूक एक रात लागली रे कारकुना.
बांधूक किती सह्या लागतत, बघ."

आणि दर नाताळाआधी एक मनिऑर्डर,
पलीकडच्या काठी, क्विटेरिया रोड्रिग्स यांस.
पाठवणाऱ्याच्या जागी माझं नाव.
मी विचारलं नाही. पोस्टमन बोलला:
त्या रात्री नाक्यावर कुणी नसायचं होतं.
एक शिपाई मात्र पाळी बदलून मोरीपाशी निजला होता.
पाकलो नव्हता तो,
आपल्याच पाण्याचा, वासावरून मासळी ओळखणारा.

एका दुपारी तिचा मुलगा आला,
होडीच्या नोंदणीसाठी कसलासा दाखला हवा होता.
कलेक्टरसाठीही अर्धेच उठलेले सगुणमामा
पूर्ण उठले. उभेच राहिले.
शिक्का स्वतः मारला, उलटा पडला.
दुसरा कागद घेतला, तोही उलटा.
मुलगा म्हणाला, "मांय म्हणटा, पयशे नाकात आतां."
खरं नाव त्याला कुणी सांगितलं, देव जाणे.
मामा म्हणाले, "चाय घेतलंस?"
एवढंच.
मी पॅडात शाई भरत राहिलो, पॅड भरलेलं असताना.

साकव झाला. मंत्री आले, फीत कापली,
गर्दीनं नारळाचे तुकडे वाटून घेतले.
मामा सगळे पांगल्यावर आले, भर ओहोटीला.
कोऱ्या, कोरड्या सिमेंटवर
त्यांनी धोतर गुडघ्यावर खोचलं,
वहाणा हातात घेतल्या
आणि पाण्यातून जावं तसे
पाऊल चाचपत, थांबत, पलीकडे निघाले.

साडेपाचला मी कुलूप लावलं.
ते अजून परतले नव्हते.